सांगितलेल्या जागी जाऊन थांबणारी मोटर म्हणजे सर्वो मोटर. तिच्या नावातला 'सर्वो' म्हणजे काय? हा शब्द आला कुठून?

आपल्या 'सर्व' या शब्दाशी याचा काही संबंध नाही. मूळ लॅटिन 'सर्वस', म्हणजे दास, हुकमाचा ताबेदार.

शब्दाचा जन्म मात्र बोटीवरचा, म्हणून आम्हा रत्नागिरीकरांना तो जवळचा वाटायला हवा. मिरकरवाड्याच्या जेटीवर छोट्या होडीचं सुकाणू तांडेल हातानं वळवतो. पण मोठ्या आगबोटीचं सुकाणू माणसाच्या ताकदीला आवरत नाही. फ्रान्सचे इंजिनियर जोसेफ फार्को यांनी वाफेवर चालणारी अशी यंत्रणा केली, की चाक जेवढं फिरवावं तेवढंच सुकाणू वळेल आणि तिथंच थांबेल. तिला त्यांनी 'सर्वो-मोतर' म्हटलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1873 चं.

खरी गंमत त्या 'तिथंच थांबेल' मध्ये आहे. साधी मोटर वीज मिळाली की फिरत राहते. सर्वो मोटर आपण कुठे पोचलो हे सतत तपासते, हुकूम आणि जागा यांतला फरक मोजते आणि तो मिटेपर्यंत फिरते. धक्का देऊन हलवलीत तर परत येते.

हातात घेऊन बघायचं असेल तर खेळण्यातली छोटी निळी सर्वो उघडा. आत इवलीशी मोटर, दातेरी चाकं, आणि शेवटच्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की विजेला होणारा रोध बदलणारा भाग. जागा कळवणारा तोच. कारखान्यातल्या मोटरींना त्याऐवजी एन्कोडर असतो. बाहेर तीन वायरी: दोन विजेच्या, एक हुकमाची. हुकमाच्या वायरीवर साधारण 1.5 मिलिसेकंदांचा स्पंद, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, पुन्हा पुन्हा दिला की दांडा मधोमध उभा राहतो.