वाचकांचे प्रश्न : दुसऱ्याच्या फोनवरून पाठवलेले पैसे परत कसे मागावेत?

प्रश्न : माझी चार एकर कोरडवाहू शेती आहे. पऱ्हाटीच्या फवारणीसाठी बॅटरीवर चालणारा पंप व्हॉट्सॲपवर आलेल्या जाहिरातीवरून मागवला. माझ्या खात्याला यूपीआय जोडलेले नाही, म्हणून गावातील मोबाइलच्या दुकानदाराला ३,२०० रुपये रोख दिले आणि त्याने ते स्वतःच्या फोनवरून विक्रेत्याच्या क्यूआर कोडवर पाठवले. आलेल्या खोक्यात कुंड्यांवर पाणी शिंपडायची प्लास्टिकची बाटली निघाली. विक्रेता आधी ‘दुसरा पाठवतो’ म्हणाला, नंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. बिल नाही, आणि दुकानदार म्हणतो की माझे नाव यात आणू नका. पैसे परत मिळतील का?
— एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : पैसे आपले असले तरी बँकेच्या नोंदीत ते दुकानदाराच्या खात्यातून गेले आहेत, आणि आपल्या प्रकरणातील खरी अडचण हीच आहे. बँक आपल्या खातेदाराचीच तक्रार घेते. त्यामुळे सर्वप्रथम दुकानदाराला विश्वासात घ्यावे. तक्रार केली तर आपलेच खाते बंद पडेल, अशी भीती त्याला वाटत असावी. ती समजण्यासारखी आहे, कारण खाती गोठवल्याच्या बातम्या गावोगावी पोचल्या आहेत. परंतु अशा तक्रारीत रक्कम रोखली जाते ती पैसे ज्या खात्यात गेले तेथील, पाठवणाऱ्याची नव्हे, हे त्याला शांतपणे समजावून सांगावे. बँकेची शाखा तालुक्याला आणि फोन साधा, अशा परिस्थितीत गावोगावी लोक याच पद्धतीने पैसे पाठवतात. त्यात आपलीही चूक नाही आणि त्याचीही नाही.

त्याच्या फोनमधून त्या व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ आणि पैसे घेणाऱ्याचे ॲपमध्ये दिसलेले नाव लिहून घ्यावे. खोके फेकले नसेल तर जपून ठेवावे. त्यावरील चिठ्ठीत पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि कुरिअरचा क्रमांक असतो, आणि बिल नसलेल्या खरेदीत विक्रेत्यापर्यंत पोचण्याचा तोच बहुधा एकमेव धागा असतो. जाहिरात, बोलणे आणि ‘दुसरा पाठवतो’ हा निरोप यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत, परंतु मूळ संभाषण पुसू नये.

त्यानंतर दुकानदाराने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि स्वतःच्या बँकेतही लेखी तक्रार द्यावी. या हेल्पलाइनचा उपयोग वेळेवर अवलंबून असतो. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच ते रोखता येतात, आणि फसवणारे ते काही तासांत पुढच्या खात्यांत वळवतात किंवा काढून घेतात. आपल्या बाबतीत बरेच दिवस गेले आहेत, त्यामुळे या मार्गाने रक्कम हाती येण्याची आशा थोडी आहे, हे स्पष्टच सांगायला हवे. तरीही नोंद करावीच, कारण त्याच खात्याविरुद्ध इतरांच्या तक्रारी असतील तर पोलिसांच्या दृष्टीने आपल्या तक्रारीलाही वजन येते. विक्रेता दुसऱ्या राज्यातला आहे म्हणून कोणी परत पाठवू लागल्यास, हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे नम्रपणे दाखवून द्यावे.

विक्रेत्याचा पत्ता मिळाला तर दुसरा आणि माझ्या मते अधिक भक्कम मार्ग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा आहे. येथे तक्रारदार आपण स्वतः असाल, कारण मोबदला आपण दिला आहे. रोख घेऊन पुढे पाठवल्याचे दुकानदाराचे प्रतिज्ञापत्र मात्र सोबत जोडावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पंप शेतीच्या धंद्यासाठी घेतला म्हणून आपण ग्राहक नाही, असे कोणी म्हटल्यास ते मानू नये. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी हेतू’ तून वगळली आहे. त्याआधी विक्रेत्याला पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते, पण पत्ताच नसलेल्या विक्रेत्याच्या बाबतीत ती फार पुढे सरकत नाही.

प्रश्न : साड्या विकणाऱ्या एका ताईंना मी १,४५० रुपये पाठवत असताना नेटवर्क गेले. खात्यातून पैसे कमी झाले, त्यांना मात्र मिळाले नाहीत, म्हणून मी पुन्हा पाठवले. आता एक जण फोन करून सांगतो की परतावा हवा असेल तर त्याने पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाका. काय करावे?
— एक वाचक भगिनी, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : कोड स्कॅन करू नये आणि पिन मुळीच टाकू नये. पिन लागतो तो पैसे देताना. येणाऱ्या पैशांना तो लागत नाही. त्या माणसाचा नंबर बंद करून आपल्या ॲपमध्ये पहिल्या व्यवहाराची स्थिती पाहावी.

तो अयशस्वी दिसत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाताना अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची आहे. ती मागताना परिपत्रकाची तारीख अर्जात लिहावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

दोन्ही व्यवहार यशस्वी दिसत असतील तर गोष्ट निराळी आहे. मग पैसे त्या ताईंच्या खात्यात दोनदा जमा झालेले असतात, आणि त्यांच्या संमतीवाचून बँक ते परस्पर काढून देत नाही. अशा वेळी त्यांना संदर्भ क्रमांक कळवून खात्याचा उतारा पाहायला सांगावे, आणि जादा रक्कम त्यांनी थेट आपल्या यूपीआय क्रमांकावर पाठवावी.