नाव राहुल, शंका राहूची

प्रश्न : आमच्या नातवाचे नाव राहुल ठेवावे, असे घरातील बहुतेकांचे मत आहे. मात्र या नावाचा अर्थ ‘बंधन’ असून त्याचा संबंध राहूशी आहे, म्हणून ते अशुभ, असे एका नातलगाने सांगितल्यापासून सूनबाईंच्या मनात पाल चुकचुकते आहे. शिवाय हे नाव ‘राहुल’ लिहावे की ‘राहूल’?
– एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : आपल्या नातलगांची माहिती निराधार नाही, पण अर्धवट आहे. पुत्रजन्माची वार्ता कानी पडताच गृहत्यागाच्या विचारात असलेले सिद्धार्थ ‘बंधन निर्माण झाले’ अशा आशयाचे उद्गारले आणि त्यावरूनच शुद्धोदनाने नातवाचे नाव राहुल ठेवले, अशी कथा जातकांच्या, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मकथांच्या, पाली प्रस्तावनेत येते. जन्मसमयी चंद्रग्रहण असल्यामुळे राहूवरून हे नाव पडले, असेही दुसऱ्या एका परंपरेत सांगतात. परंतु थेरगाथा या ज्येष्ठ भिक्षूंच्या पद्यसंग्रहात खुद्द राहुलाच्या तोंडी ज्या गाथा आहेत, त्यांत तो म्हणतो की, मी बुद्धांचा पुत्र आहे आणि धम्माची दृष्टीही मला लाभली आहे, म्हणून लोक मला ‘राहुलभद्र’, म्हणजे भाग्यवान राहुल, म्हणतात. ज्याचे नाव त्याचीच ही साक्ष असताना शुभाशुभाचा वाद उरू नये.

नातवाने पुढे आपल्या नावाविषयी विचारलेच, तर त्याला ग्रहणापेक्षा मज्झिमनिकाय या बुद्धोपदेशांच्या पाली संग्रहातील प्रसंग सांगावा. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी बुद्धांनी लहानग्या राहुलाला दाखवले, मग ते फेकून दिले, भांडे उपडे केले आणि जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण, म्हणजे भिक्षूपणही, असेच थोडके आणि रिकामे असते, हे त्याच्या मनावर बिंबवले. राहुलाला केलेला असत्यासंबंधीचा हा उपदेश भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावा, असे सम्राट अशोकाने भाब्रू येथील लेखात कोरून ठेवले आहे.

केदारनाथ पांडे यांनी १९३० मध्ये श्रीलंकेत बौद्ध भिक्षू होताना हेच नाव घेतले. तेच राहुल सांकृत्यायन. आपल्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, आनंद या नावांबरोबर हेही नाव घरोघरी रुळले. पुढे क्रिकेट आणि हिंदी चित्रपट यांमुळे ते सर्वच समाजांत इतके पसरले की, वर्गात ‘राहुल’ अशी हाक मारली तर दोघे-तिघे ओ देत. अडचण असलीच तर ती एवढीच.

लेखनाविषयी : अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार मराठीत दीर्घ लिहितात खरे, परंतु तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना तो नियम लागू नाही. त्यामुळे जन्मदाखल्यावर ‘राहुल’ असे ऱ्हस्वच लिहावे.