शनी पाहिला, पण "एवढंच?" म्हणाला

प्रश्न : सुट्टीत आम्ही सात वर्षांच्या मुलाला एका वेधशाळेत शनी दाखवायला नेलं होतं. पाऊण तास रांगेत उभे राहिलो. त्याने डोळा लावला, "एवढंच?" म्हणाला आणि आइस्क्रीम मागायला लागला. पुढच्या महिन्यात सोसायटीतली मुलं पुन्हा जाणार आहेत. याला पाठवू, की अजून लहान आहे?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पाठवा. पण आधी सांगा, त्याला एक डोळा मिटता येतो का? हसू नका. ऐरोलीत आमच्या गच्चीवर मी बारा वर्षं दुर्बीण लावतोय. या वयाच्या बऱ्याच मुलांना ते जमत नाही. "दिसलं?" विचारलं की "हो" म्हणतात, कारण मागे रांग खोळंबलेली असते. प्रत्यक्षात दिसलेली असते स्वतःचीच पापणी. एका मुलीने तर मला सांगितलं होतं, "काका, शनीला केस आहेत."

घरी वर्तमानपत्राची सुरळी करा आणि समोरच्या इमारतीवरचे आकडे वाचायला सांगा. दुसरा डोळा मिटायचा नाही, त्यावर तळहात ठेवायचा. दुर्बिणीपाशी उरलेला हात पाठीमागे, कारण दुर्बिणीला बोट लागलं की शनी गायब.

आणि सुरुवात शनीने कशाला? शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाचे फोटो मोबाइलवर पाहिलेल्या मुलाला वाटाण्यापेक्षा लहान शनीचं काय कौतुक वाटणार! त्याची कडी साधारण दर १५ वर्षांनी आपल्याला कडेवरून दिसतात. २०२५ मध्ये तशीच होती, नुसती रेघ. चंद्र दाखवा, शुद्ध सप्तमी-अष्टमीचा. पौर्णिमेचा नको, तेव्हा ऊन समोरून पडतं आणि चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या लांब सावल्या पडतात. शिवाय तो दिवेलागणीलाच वर आलेला असतो, जागरण नको. तुमच्याकडच्या टर्फच्या फ्लडलाइटलाही तो पुरून उरतो.

माझ्या दुर्बिणीला चंद्रामागे फिरवणारी मोटर नाही, त्यामुळे चंद्र एक-दोन मिनिटांत काठाबाहेर सरकतो. मुलं ओरडतात, "काका, पळाला!" पळालं कोण, चंद्र की फिरणारी आपली पृथ्वी, ते मी लगेच सांगत नाही. भांडू देतो.

गुरू वर असेल तर वही-पेन्सिल न्या. बाजूचे ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, जसे दिसतील तसे काढू दे, तुम्ही मोजून सांगू नका. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओलाही तीनच दिसले होते, चौथा काही दिवसांनी सापडला. दुसऱ्या रात्री १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, कठड्यावर टेकवून पुन्हा बघा. ठिपक्यांनी जागा बदललेल्या असतील.

आइस्क्रीम जरूर द्या, पण बघून झाल्यावर. आयपीसवरचे (डोळा लावायच्या भिंगावरचे) चिकट ठसे काढण्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.