वॉर्डातलं वेळापत्रक आणि नमाज

लंडनमधल्या मानसोपचार वॉर्डात ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार) नव्याने सुरू करताय, तर मुस्लिम स्थलांतरित रुग्णांच्या नमाजाच्या वेळा आधी विचारा. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारासच मावळतो. जुहर (दुपारची), अस्र (उतरत्या दुपारची), मगरिब (सूर्यास्तानंतरची) या नमाजा जेमतेम चार तासांत येतात. दुपारी दीड तासाचं सत्र ठेवलं की रुग्ण मध्येच उठतो आणि नोंद होते ‘सहभाग नाही’. चूक आपली असते.

वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, नीट पाहा, अर्थात विचारूनच. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय: क्रम, लक्ष, बेसिनपाशी पाय उचलताना तोल, सगळं कळतं. धुणं तीनदा पुरे. दहा-बारा वेळा होत असेल तर ओसीडीची (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराची) शक्यता टीमला सांगा. रुग्णाची संमती असेल तर इमामांची मदत फार मोलाची ठरते.

दुभाषी घरातला नको. स्वयंपाकाच्या सत्राआधी साहित्यात जिलेटिन आहे का तपासा, ते डुकरापासूनचं असू शकतं. ‘एकटं राहता येणं’ हे ध्येय लादू नका. एखादीला सासरच्या स्वयंपाकघरात परत उभं राहायचं असतं.

लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) घेणारा रोजा धरणार असेल तर रमजानच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना कळवा. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोकादायक वाढू शकतं.