वाचकांचे प्रश्न : पाहुण्याला बोलते कसे करावे?

प्रश्न : मी मिरजेतील एका शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षापासून मी आणि माझी मैत्रीण निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसांशी गप्पांचा पॉडकास्ट करतो. तंतुवाद्यांचे कारागीर, हळदीचे अडते, हौशी रंगभूमीवरील अभिनेत्री, भूलतज्ज्ञ डॉक्टर, एसटीचे चालक असे नऊ पाहुणे आतापर्यंत झाले. सगळे भाग सलग ऐकले तेव्हा लक्षात आले, की नऊही जण जवळजवळ एकच कथा सांगत आहेत : लहानपणची गरिबी, संघर्ष, घरच्यांचा पाठिंबा आणि शेवटी तरुणांना संदेश. पॉडकास्टचे असे पेव फुटलेले असताना आमचे काम वेगळे कसे ठरेल? (शिक्षिका, मिरज)

उत्तर : आपण सोबत पाठवलेली प्रश्नावली मी वाचली. पहिला प्रश्न नऊही जणांना सारखाच आहे : ‘या क्षेत्राकडे आपण कसे वळलात?’ या प्रश्नाचे उत्तर पाहुण्याने सत्काराच्या भाषणात, नातेवाइकांत, वर्तमानपत्राच्या बातमीदारापुढे अनेकदा दिलेले असते आणि देता देता ते गुळगुळीत झालेले असते. शेवटचा प्रश्न ‘नव्या पिढीला काय सांगाल?’ हा असल्यामुळे संदेशही आपणच मागून घेता. दोष पाहुण्यांचा नाही.

हीच चूक मी काही वर्षांपूर्वी मिरजेतच केली होती. तंबोऱ्याच्या एका वयस्कर कारागिरांसमोर मी ध्वनिमुद्रक ठेवून बसलो होतो आणि वीस मिनिटांत माझे प्रश्न संपले होते. चहा येईपर्यंत काहीतरी बोलावे म्हणून मी विचारले, ‘जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारेदार नाद, लागली हे आपल्याला कळते कसे?’ त्यांनी उत्तर दिले नाही. शेजारचा तंबोरा मांडीवर ओढला, एक तार सैल करून बाजूला सारली, घोडीच्या पाठीवरून कानस दोनदाच फिरवली, भुकटी फुंकली, तार पुन्हा चढवून छेडली आणि म्हणाले, ‘ऐका, अजून बंद आहे.’ मग तारेखालचा जीवा, म्हणजे सुताचा तो बारीक दोरा, त्यांनी नखाने किंचित पुढे सरकवला. त्याच तारेतून एकदम झणकार उठला आणि खोलीभर पसरला. ‘आता बोलली,’ एवढेच ते म्हणाले. त्यानंतर न विचारताच त्यांनी सांगितले, की वडिलांनी पहिली काही वर्षे त्यांना कानशीला हातच लावू दिला नव्हता; वडील तार छेडत आणि मुलाने फक्त ‘खुली’ की ‘बंद’ एवढेच सांगायचे. त्यांच्या घरची गरिबीही या बोलण्यात आली, वडिलांचा धाकही आला. पण ही कथा आता दुसऱ्या कोणाचीही असू शकत नव्हती.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की आयुष्याविषयी विचारण्याआधी कामाविषयी विचारावे, आणि कामाविषयी विचारताना हात, डोळा, कान यांना आलेला अनुभव विचारावा. अडत्यांना हळदीच्या बाजारभावाविषयी जरूर विचारा, परंतु त्याआधी हळकुंड मोडून पाहताना नजर नेमके काय शोधते, ते विचारा. एसटीच्या चालकांना आंबा घाटात धुके उतरल्यावर रस्त्याची कोणती खूण धरून ते गाडी चालवतात, हे विचारा. भूलतज्ज्ञांना, रुग्ण गुंगीत जाण्याच्या अगदी आधी त्या त्याच्याशी काय बोलतात, हे विचारता येईल. अभिनेत्रीला, समोरचा नट वाक्य विसरला त्या रात्री काय झाले, हे विचारा. यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या पाहुण्याला देता येणार नाही.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरलात, म्हणून थोडे विषयांतर करतो. पेव म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीखालचे तळघर. आपल्यापासून काही किलोमीटरवरील हरिपुरात हळद साठवण्यासाठी अशी पेवे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती आणि २००५ च्या महापुरात त्यांतील अनेकांची वाताहत झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती कोठेही वाचायला मिळते. पण दीर्घकाळ बंद राहिलेले पेव उघडल्यावर हमाल लगेच आत का उतरत नाही, आतली हवा श्वास घेण्याजोगी झाली हे तो कशावरून ओळखतो, हे ज्याने ते काम केले त्याच्याच तोंडून आणि त्याच्याच शब्दांत ऐकायला हवे. अशी माणसे आता वृद्ध होत चालली आहेत. आपल्या दहाव्या भागासाठी अशा एखाद्या हमालाचा शोध घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

पाहुण्याने धंद्यातला शब्द वापरला, की आपण घाईने त्याचा अर्थ सांगून मोकळे होऊ नये. ‘म्हणजे कसे?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. उत्तर संपल्यासारखे वाटल्यावरही मनात पाच अंक मोजावेत. पुष्कळदा खरे बोलणे त्या शांततेनंतरच सुरू होते. आणखी एक युक्ती जुन्या रेडिओवरून घेण्यासारखी आहे. बीबीसीवर १९४२ पासून चालत आलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमात पाहुण्याने निर्जन बेटावर सोबत न्यायच्या आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या असतात. शास्त्रज्ञ असो वा खेळाडू, त्या निवडीच्या निमित्ताने तो आठवणींत शिरतो. आपण प्रत्येक पाहुण्याला त्याच्या कामातील एक वस्तू सोबत आणायला सांगावे आणि बोलणे त्या वस्तूपासूनच सुरू करावे. तिचा आवाजही टिपून ठेवावा.

प्रश्न : आमच्या गावाकडचे एक गलाई व्यावसायिक दिवाळीला परराज्यातून आले असता मी त्यांची दीड तासाची मुलाखत घेतली. उमेदवारीच्या काळात नात्यातल्याच दुकानमालकाने दिलेल्या वागणुकीविषयी ते फार मोकळेपणाने बोलले. आता ते म्हणतात, की तेवढा भाग काढून टाका. मुलाखतीचा जीवच त्या दहा मिनिटांत आहे. काय करावे? (वाचक, विटा)

उत्तर : तो भाग काढून टाकावा, आणि त्यांच्याशी वाद न घालता काढावा. सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यात खानापूर-आटपाडीकडची मुले देशभर गेली ती बहुतेक नात्यागोत्याच्या आधाराने. त्याच नात्यांत त्या गृहस्थांना उद्या लग्नकार्याला उभे राहायचे आहे. आपल्याला ती दहा मिनिटे उत्तम वाटतात, आणि ती असतीलही. परंतु त्यांची किंमत ते मोजणार आहेत, आपण नाही. मात्र त्यांना एक विचारून पाहता येईल : माणसाचा व गावाचा उल्लेख टाळून, उमेदवार मुलाचा दिवस कसा जात असे, पहाटे भट्टी कोण पेटवी, तेजाबाचा धूर कसा सोसला, एवढेच पुन्हा सांगाल का? त्यांनी नकार दिला, तर विषय तेथेच सोडावा. यापुढे ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच, ‘प्रसारणापूर्वी आपण ऐकून काही वगळायला सांगू शकता’, हे पाहुण्याला सांगून त्याची संमती त्याच्याच आवाजात घेऊन ठेवावी. प्रश्न आधी पाठवू नयेत, विषय मात्र कळवावेत. प्रश्न आधी कळले, की माणूस उत्तरे पाठ करून येतो.

प्रश्न : स्टुडिओचे भाडे परवडत नाही. घरी मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण चालेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, तासगाव)

उत्तर : चालेल. मोबाइल विमान-स्थितीत (फ्लाइट मोडमध्ये) ठेवावा, तो बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका असावा, पंखा बंद करावा. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्यासाठी टेबलावर आणि पाहुण्याच्या समोरच्या भिंतीवर घरातली जाड वाकळ पसरावी. मूळ ध्वनिमुद्रण शक्यतो ‘वेव्ह’ म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या स्वरूपात ठेवावे. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट आणि मोनो या मापांनी एका तासाची फाइल सुमारे ३२० एमबी होते. प्रसारणासाठी तिची ६४ केबीपीएसची एमपी-३ केली, तर ती २९ एमबीपर्यंत उतरते. मोठी फाइल मात्र पुसू नये. बोलणे संपल्यावर सर्वांनी गप्प राहून खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता टिपून घ्यावी, म्हणजे पुढे संपादनात जोड लपवता येतात.

प्रश्न : सांगलीच्या नाट्यपरंपरेवरील भागांच्या सुरुवातीला ‘संगीत शारदा’तील पद वाजवले तर कायद्याची अडचण येईल का? (नाट्यरसिक, सांगली)

उत्तर : ‘शारदा’चे नाटककार आणि आपल्या हरिपूरचेच असलेले गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये निवर्तले आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या शब्दांवरील स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे पदाचे शब्द खुले आहेत. ध्वनिमुद्रिकेचा हक्क मात्र वेगळा असतो आणि तो ती प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून एखाद्या नामवंत गायकाची अलीकडची ध्वनिमुद्रिका परवानगीशिवाय वापरू नये. त्यापेक्षा आपल्या ओळखीच्या एखाद्या गायिकेकडून दोन ओळी नव्याने गाऊन घ्याव्यात, तिची लेखी संमती घ्यावी आणि प्रत्येक भागात तिचे नाव सांगावे.