प्रौढांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम बनवतो आहे. अपंग, वयस्क, कमी शिकलेले अशा सगळ्यांना तो वापरता यावा, तर सुरुवात कुठून करू?

व्हिडिओपासून करू नका. आधी लॉगिनचं पान आणि चाचणीचं घड्याळ बघा. मी पाहिलेली बरीचशी मोठी माणसं याच दोन ठिकाणी गळली, आणि जाताना कोणाला काही बोलली नाहीत.

माझ्या पहिल्या अभ्यासक्रमात प्रत्येक चाचणीला दहा मिनिटांची मुदत होती. कारण काही नाही, प्रणालीत सोय होती म्हणून लावली. एक दृष्टिहीन बाई स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून प्रश्न सोडवायच्या. चार पर्याय ऐकायचे, खात्री करायला पुन्हा पहिल्यावर यायचं, यातच वेळ संपायचा. विषय त्यांना पक्का येत होता, तरी तीनदा नापास झाल्या. चौथ्यांदा आल्याच नाहीत. घड्याळ मी काढलं ते त्यानंतर.

वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी नावाचे. ते वाचले असते तर हे आधीच कळलं असतं. वेळेची मर्यादा अगदी अटळ नसेल तर ती बंद करता यावी किंवा वाढवता यावी, असं त्यांत स्पष्ट आहे. २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत आणखी दोन कामाच्या गोष्टी आहेत: लॉगिन निव्वळ स्मरणशक्तीवर टाकू नका, म्हणजे निदान पासवर्ड पेस्ट तरी करू द्या, आणि एकदा भरून घेतलेली माहिती त्याच कामात पुन्हा भरायला लावू नका. हे निकष अपंगांसाठी म्हणून ओळखले जातात, पण बोटांना टायपिंगची सवय नसलेल्या कोणालाही त्यांचा तेवढाच उपयोग होतो.

प्रौढ म्हटलं की चाळिशी आलीच. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं डिझायनरला देखणी वाटतात, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी येतं. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात तेवढा फरक, हवा. तो मोजायची साधनं फुकट मिळतात. बरोबर उत्तर हिरवं आणि चूक लाल, एवढ्यावरही थांबू नका, शब्दांत लिहा. स्कॅन करून चढवलेली पीडीएफ तर टाळाच. आत अक्षरं नसतात, नुसता फोटो असतो, त्यामुळे स्क्रीन रीडरला ते पान जवळपास कोरंच.

व्हिडिओला कॅप्शन हवेतच, पण आपोआप तयार होणारे तपासल्याशिवाय सोडू नका. नावं आणि आकडे हमखास चुकतात. शिवाय डेटाचा हिशेब करा. १ एमबीपीएस वेगाचा तासाभराचा व्हिडिओ सुमारे ४५० एमबी होतो, तेच नुसतं बोलणं ३२ केबीपीएसवर १५ एमबीच्या आत बसतं. ऐकायची आणि वाचायची प्रत वेगळी ठेवलीत तर ज्याला जे झेपेल ते तो घेईल.

आता ज्याबद्दल निकषांत फारसं काही सापडणार नाही ते: लाज. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ‘सर्वांसमोर स्वतःची ओळख करून द्या’ म्हणणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. ते ऐच्छिक ठेवा. लिहायला जड जात असेल तर बोलून उत्तर देता यावं. आणि घरच्या कामामुळे तीन आठवडे खंड पडला, तरी परतल्यावर सोडलं तिथूनच धडा उघडावा; ‘तुम्ही मागे पडला आहात’ ही पाटी कशाला?

तपासणीसाठी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर पूर्ण धडा करून बघा. मग विंडोजवर मोफत मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून, स्क्रीन बंद करून तोच धडा ऐका. स्वयंचलित तपासणीत पास झालेला माझा एक धडा इथे पाचव्या मिनिटाला अडकला होता: प्रत्येक बटणाचं नाव ‘बटण’.

शेवटी दोन-तीन शिकणाऱ्यांना समोर बसवा. ‘जमतंय ना?’ असं विचारू नका, भिडेखातर हो म्हणतील. गप्प बसा आणि हात कुठे थबकतो ते बघा.