वाडं, नेपियर आणि लसूणघास

प्रश्न : आमच्या दोन म्हशी आहेत, एक मुऱ्हा, एक पंढरपुरी. ऊसतोड सुरू झाली की वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकटात मिळतंय म्हणून पार मार्चपर्यंत तेच घालतो, वर थोडी सरकी पेंड. पण दरवर्षी ह्याच टायमाला दूध उतरतंय आणि मुऱ्हा माजाला (गाभण राहायच्या अवस्थेला) पण नीट येईना झालीय. घरचे म्हणतात १० गुंठ्यात सगळं सुपर नेपियर (चाऱ्याचं उंच गवत) लावून टाकूया. लावू का? - एक वाचक, ता. कागल

उत्तर : ताई, नेपियर लावा पण सगळ्या १० गुंठ्यात नको. वाड्यात ऑक्झॅलेट भरपूर असतंय, ते कॅल्शियमला धरून बसतंय, म्हणजे म्हशीनं खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायच्या आधीच शेणातनं बाहेर, आणि गंमत म्हणजे नेपियरमध्ये पण तेच ऑक्झॅलेट आहे, मग वाड्यावर नेपियर घालून फरक काय पडणार? पोट भरेल एवढंच. प्रोटीन दोन्हीत कमीच.

म्हणून तीनेक गुंठे लसूणघासाला काढा, प्रोटीन ह्या हिरव्या चाऱ्यातनं मिळेल. आरएल-८८ हा वाण चांगला, राहुरी कृषी विद्यापीठाचा, दोन-तीन वर्षं चालतो. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एक फुटावर ओळी, तीन गुंठ्याला पाऊण किलो बी पुरतं. पाणी साचणारं रान मात्र नको, मुळं कुजतात. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, मग महिन्याच्या आतबाहेर. बी घेताना स्वस्त बघून खुलं घेऊ नका, त्यात अमरवेलीचं बी येतंय आणि एकदा का ती पिवळी दोरी घासावर चढली की तेवढा पट्टा कापून जाळण्याशिवाय इलाज नाही. रोज म्हशीमागं तीन-चार किलो निघाला तरी पुष्कळ, आणि तोही सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून घाला. दव असलेला घास उपाशीपोटी भरपूर घातला तर पोट फुगतं, आणि ते रात्रीचंच का होतं देव जाणे.

वाडं बंद करा असं मी म्हणत नाही, कोल्हापुरात कोण ऐकणार! कळीचा चुना भिजवून रात्रभर ठेवा, वरची निवळी वाड्याच्या कुट्टीवर शिंपडून घाला. शिवाय मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम, पेंडीतनं.

माजाचं म्हणाल तर नुसत्या वैरणीवर सोडू नका, डॉक्टरला एकदा गर्भपिशवी तपासायला सांगा. आणि घास सुरू झाला म्हणून पेंड लगेच तोडू नका, महिनाभर दूध बघून मग ठरवा.